दाण्यांच्या बाजूने

शिरूर आणि दौंड तालुक्यांत लग्नाचा हंगाम संपला की फोटोग्राफरचा दुसरा हंगाम सुरू होतो, तो तक्रारींचा. अल्बम घरी येतो, मांडीवर पसरला जातो, मुलाकडच्या आत्याबाई चष्मा लावून पुढे सरकतात आणि वरातीच्या पानावर बोट ठेवून निकाल देतात, "हे काय, नुसते दाणे दाणे आलेत!" वरात निघालेली असते रात्री दहाच्या बेताला. उजेड म्हणून डीजेच्या गाडीवरचे जांभळे दिवे, घोड्याच्या पुढे एक हॅलोजन आणि नवरदेवाच्या मित्रांचा उत्साह, एवढंच काय ते भांडवल. शिवाय डीजेचे दिवे दिसण्यासाठी असतात, दाखवण्यासाठी नसतात. सेकंदात चार वेळा विझणाऱ्या दिव्याखाली कुणाचा चेहरा नीट यावा ही अपेक्षाच मुळात उधारीवरची आहे. तरी आरोपी ठरतो कॅमेरा, सहआरोपी फोटोग्राफर, आणि शिक्षा एकच: "सगळं स्मूथ करून द्या." या खटल्यात दाण्यांच्या बाजूने कुणीच उभं राहत नाही, म्हणून त्यांचं वकीलपत्र या लेखात घेतलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की दाणे हा फोटोतला दोष असला तरी ते खोटं बोलत नाहीत. खोटं बोलतो तो गुळगुळीत फोटो. आणि ज्या रॉ फाइलला फुकट जागा खाणारी म्हणून हार्ड डिस्कवरून हाकललं जातं, तीच या खटल्यातली सर्वांत भरवशाची साक्षीदार आहे.

आधी गुन्हा नेमका काय घडला ते पाहू. उजेड सलग वाहत येत नाही, सुट्या कणांनी येतो. सेन्सरवरच्या प्रत्येक बारीक चौकटीत किती फोटॉन पडले याची मोजदाद म्हणजे डिजिटल फोटो. हे फोटॉन रांगेत, शिस्तीत येत नाहीत. ठरावीक क्षणात सरासरी १०० यायचे असतील तर एखाद्या चौकटीत ९० येतात, शेजारच्या चौकटीत ११०. म्हणजे शंभराच्या हिशेबात दहाची चूकभूल. सरासरी १०,००० आले तर चूकभूल १०० ची, म्हणजे जेमतेम एक टक्का. गणिताच्या भाषेत हा वर्गमुळाचा नियम आहे आणि तो जपानी कॅमेऱ्यालाही लागू आहे, चिनी फोनलाही. भर उन्हात न्हावऱ्याच्या माळावर उभ्या माणसाच्या गालावर फोटॉनांची रेलचेल असते, त्यामुळे गाल एकसारखा दिसतो. त्याच माणसाला रात्री मांडवाच्या कोपऱ्यात उभा केला की त्याच गालाच्या शेजारशेजारच्या चौकटींचे आकडे जुळेनासे होतात, आणि न जुळलेले आकडे डोळ्यांना दाणे म्हणून दिसतात. ते कॅमेऱ्याने घातलेले नसतात. उजेडच तसा तुटपुंजा आलेला असतो. कॅमेऱ्याच्या सर्किटची स्वतःची थोडी कुरकुर असते, हे खरं. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत ती इतकी घटली आहे की अंधाराचं सगळं बिल तिच्या नावावर फाडणं अन्यायाचं होईल. मुरलेले फोटोग्राफरसुद्धा म्हणतात, "आयएसओ वाढवला म्हणून ग्रेन्स आले." आयएसओ वाढवल्याने एकही फोटॉन जास्त येत नाही. जे आले त्यांचाच आकडा फुगवून सांगितला जातो, आणि आकड्याबरोबर चूकभूलही फुगते. आडातच नाही, तर पोहऱ्याला दोष देऊन काय उपयोग?

आता रॉ फाइल. ती समजावून घ्यायला दौंड तालुक्यासारखी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल, कारण केडगाव, राहू, पाटसच्या बाजूला गुऱ्हाळांची कमतरता नाही. रॉ म्हणजे चरकातून नुकता निघालेला रस आणि जेपीईजी म्हणजे बाजारात गेलेली ढेप. सेन्सरच्या प्रत्येक चौकटीवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच काच असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला १९७६ मध्ये पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. निम्म्या चौकटी हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. म्हणजे प्रत्येक ठिकाणी एकच रंग खरोखर मोजला जातो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून ठरवले जातात. रॉ फाइलमध्ये ही नुसती मोजदाद असते, बिनउकळलेली. जेपीईजी हवी म्हटलं की कॅमेऱ्यात बसलेला गुळव्या कामाला लागतो. तो शेजाऱ्यांना विचारून रंग भरतो, मळी म्हणून दाणे काढतो, कडा टोकदार करतो, उजेडाच्या १६,३८४ पायऱ्यांच्या २५६ करून टाकतो, उरलेलं दाबून बारीक करतो आणि सेकंदाच्या आत ढेप हातात देऊन रस ओतून देतो. गुळव्या हुशार आहे, यात शंका नाही. पण तो टोकियोच्या चवीचा आहे आणि हळदीच्या कार्यक्रमाला त्याचं डोकं हमखास फिरतं. नवरी पिवळी, साडी पिवळी, मागचा पडदा पिवळा, झेंडूच्या माळा पिवळ्या. गुळव्याला वाटतं, एवढं पिवळं काही खरं असू शकत नाही, दिव्याचा दोष असणार. आणि तो इमानेइतबारे पिवळेपणा कमी करतो. हळद उतरते, नवरी आजारी दिसते. रस हाताशी असेल तर पांढऱ्याचा तोल दुसऱ्या दिवशी निवांत बसून पुन्हा लावता येतो. ढेपेतून रस परत निघत नाही.

याच गुऱ्हाळात स्मूथपणाच्या हट्टाचंही मूळ सापडतं. गिऱ्हाइकाला गूळ पिवळाधमक लागतो, म्हणून काही ठिकाणी काहिलीत हायड्रॉस पावडर पडते. गूळ उजळतो, भाव मिळतो, आणि मग पुण्यातल्या दुकानात तोच न उजळलेला काळपट गूळ 'सेंद्रिय' या नावाखाली जास्त भावाने विकला जातो. फोटोचंही नेमकं हेच चाललं आहे. आधी सॉफ्टवेअरने दाणे काढायचे आणि मग 'फिल्म लुक' नावाचं दुसरं सॉफ्टवेअर विकत घेऊन त्यावर खोटे दाणे पेरायचे. हे करणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. त्याला विचारलं तर सांगतो, की आधीचे दाणे नॉइज होते, हे ग्रेन आहेत.

गुऱ्हाळाची उपमा एका ठिकाणी तुटते, तेही कबूल केलं पाहिजे. रस ठेवला की आंबतो, गूळ टिकतो. रॉ फाइल आंबत नाही. पण तिची दुसरी अडचण आहे. प्रत्येक कंपनीचा चरक वेगळा, त्यामुळे कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फूजीची आरएएफ, आणि नवा कॅमेरा घेतला की जुनं सॉफ्टवेअर फाइलकडे अनोळखी पाहुण्यासारखं बघतं. अडोबीने २००४ मध्ये डीएनजी नावाची सगळ्यांना उघडी पद्धत आणली, पण बड्या कंपन्यांनी आपापला कुलूपबंद डबा सोडला नाही. डेव्ह कॉफिन या एका प्रोग्रॅमरने १९९७ पासून ही कुलुपं एकट्याने उघडून पाहिली आणि त्याचा डीसीरॉ हा प्रोग्रॅम जगाला फुकट दिला. कितीतरी सॉफ्टवेअरं त्याच्या खांद्यावर उभी राहिली, आणि अल्बममध्ये स्वतःचं नाव सोनेरी अक्षरांत छापून घेणाऱ्या फोटोग्राफरांतल्या शंभरात एकालाही त्याचं नाव ठाऊक नसतं.

गिऱ्हाइकाच्या बाजूचा घोटाळा वेगळाच. लग्नाचा सौदा ठरताना हल्ली मुलीचा भाऊ बजावून सांगतो, "आम्हाला सगळा रॉ डेटा पाहिजे हं." त्याला हवे असतात एडिट न केलेले सगळे फोटो, म्हणजे ढेपाच, फक्त निवड न केलेल्या. एखाद्या सरळमार्गी फोटोग्राफरने शब्दाला जागून खऱ्या रॉ फाइली दिल्या तर त्या फोनवर उघडत नाहीत, संध्याकाळपर्यंत पेन ड्राइव्ह खराब असल्याची बातमी भावकीत पसरते आणि उरलेले पैसे अडकतात. संगणकावर कशाबशा उघडल्याच तर फोटो फिके, मळकट दिसतात, आणि मग "आमच्या मामाच्या फोनमध्ये याच्यापेक्षा भारी आलेत" हे वाक्य येतंच. मामाच्या फोनमध्ये खरोखर भारी आलेले असतात. कारण मामाच्या फोनने मामांना न विचारता उकळून, गाळून, उजळून दिलेले असतात.

गुळगुळीतपणा नेमका काय खातो, ते पाहायचं तर यवतहून भुलेश्वरचा डोंगर चढावा. कागदोपत्री तालुका पुरंदर, पण वाट दौंडची. आत काळा दगड, त्यावर दाट कोरीवकाम, स्त्रीरूपातला गणपती, भंगलेल्या मूर्तींच्या ओळी आणि उजेड म्हणाल तर झरोक्यातून येईल तेवढाच. इथे फोटोत दाणे येणार, हे विधिलिखित आहे. दाणे काढणारं साधं सॉफ्टवेअर काय करतं? जे बारीक आहे आणि अनियमित आहे ते कचरा, असं धरून शेजारच्या चौकटींशी सरासरी काढतं. पण दगडाचा पोतही बारीक आणि अनियमितच असतो. छिन्नीचा घाव, वाऱ्यापाण्याने खाल्लेली कड, दगडाच्या अंगातली भोकं, यांतलं काहीच नियमित नाही. सॉफ्टवेअरला दगडाचे दाणे आणि उजेडाचे दाणे यांतला फरक कळत नाही, म्हणून ते दोन्ही पुसतं आणि कित्येक शतकं ऊनपाऊस सोसलेली मूर्ती काल साच्यातून काढल्यासारखी दिसू लागते. जुन्या मंदिराला ऑइल पेंट फासणाऱ्या विश्वस्तांवर शहरातले अभ्यासक तुटून पडतात, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांच्याच खिशातला फोन प्रत्येक क्लिकला तोच रंग फासत असतो, याबद्दल अजून कुणी निषेधसभा घेतलेली नाही.

दौंडच्या पुढे, इंदापूरच्या हद्दीत भिगवणला पक्ष्यांचं हेच होतं. १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, पट्टकादंब येतात, चित्रबलाक तर घरचेच. कुंभारगावच्या नावाड्यांना उजाडायच्या आत गिऱ्हाइकं मिळतात आणि त्या गिऱ्हाइकांच्या गळ्यातल्या लेन्सची किंमत कित्येकदा नावेहून जास्त असते. उडता पक्षी थिजवायचा तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात फोटो घ्यावा लागतो, तोही सूर्य पुरता वर यायच्या आत. एवढ्याशा क्षणात किती फोटॉन येणार? तेव्हा दाणे येतात, आणि घरी जाऊन ते असे पुसले जातात की रोहित पक्षी थर्मोकोलचा वाटावा. रोहितचं एक वेळ चालून जाईल, तो दुरूनही ओळखू येतो. पण चिखलात चरणारे लहान पाणपक्षी एकमेकांपासून वेगळे ओळखायचे ते पाठीवरच्या पिसांच्या बारीक कडांवरूनच. कडा पुसल्या की चार जातींची एक जात होते. मोराची चिंचोली शिरूर तालुक्यात, तिथे मोर सकाळ-संध्याकाळी बाहेर पडतात, म्हणजे पुन्हा उजेडाची बोंब. पण मोराला कसंही काढलं तरी तो मोरच दिसतो, त्यामुळे त्याच्या वतीने फारसं भांडण्याची गरज नाही.

आणि ज्याला आपण कचरा म्हणतो त्यात काय दडलेलं असेल, याची खात्री कुणी द्यावी? शिरूरच्या शेजारी जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिच्याकडे आकाशातून येतं त्याचा फार मोठा भाग गोंगाटच असतो, आणि तिथले शास्त्रज्ञ तो गोंगाट नोंदवून त्यातच शोधत बसतात. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात असाच एक हटवादी गोंगाट येत होता. त्यांनी अँटेनातली कबुतरं हाकलली, विष्ठा साफ केली, तरी जाईना. तो विश्वाच्या जन्मापासून उरलेला उजेड निघाला आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्याकडे आजच्या फोनमधलं 'ब्यूटी मोड' असतं तर कबुतरांनाही त्रास झाला नसता आणि विश्वाच्या जन्माचाही पत्ता लागला नसता.

यावर तरुण मंडळींचा आक्षेप ठरलेला: हे सगळं जुन्या जमान्याचं झालं, आता फोनमध्ये रात्रीसुद्धा आरशासारखा स्वच्छ फोटो येतो. आक्षेपात तथ्य आहे. गूगलने २०१८ मध्ये नाइट साइट आणलं, ते एका फोटोऐवजी पंधरापर्यंत फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतं. सोळा फोटो एकावर एक ठेवले तर दाणे चौथ्या हिश्श्यावर येतात. पुन्हा तोच वर्गमुळाचा नियम. ही लबाडी नव्हे, हे प्रामाणिकपणे जास्त उजेड गोळा करणं आहे आणि माझ्या अशिलाची त्याला काहीच हरकत नाही. अट एकच, की समोरच्याने तेवढा वेळ स्थिर राहावं. देवळाचा कळस राहतो. वरातीत 'झिंगाट' लागल्यावर नवरदेवाचे मित्र राहत नाहीत. मग फोन मोजणं सोडून अंदाज बांधू लागतो, आणि अंदाज किती लांब जातो हे मार्च २०२३ मध्ये जगाला दिसलं. एकाने चंद्राचा मुद्दाम अस्पष्ट केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला, अंधाऱ्या खोलीतून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला, आणि पडद्यावर नसलेली विवरं फोटोत उगवली. चंद्र कसा असतो हे फोनला आधीच पाठ होतं. यातून आपल्याकडे एक धर्मसंकट उभं राहतं, त्यावर अजून कुठल्या पंचांगकर्त्याचं मत आलेलं नाही. संकष्टीला रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन घेऊन आलेल्या माणसाने ढगाआडच्या धुरकट ठिपक्यावर फोन रोखला आणि पडद्यावर विवरांसकट चंद्र आला, तर उपास सोडायचा की नाही?

हा प्रश्न हसण्यावारी नेता येतो, पुढचा येत नाही. शिरूरच्या उसात बिबट्या खरोखर आहे. पिंपरखेड, जांबूतच्या बाजूला माणसं गेली आहेत, आणि त्या दुःखाची थट्टा करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्या भीतीच्या पोटी जे फोटो फिरतात, त्यांच्याबद्दल बोलणं भाग आहे. एका वस्तीवरच्या सीसीटीव्हीत रात्री दाण्यांचा एक पुंजका हलतो. तो फोटो दुसऱ्या गटात जातो, तिथून तिसऱ्या. प्रत्येक दाबण्यात तपशील गळतात आणि कुणीतरी 'क्लिअर' करून देणारं ॲप लावतं. ॲपला मांजर, कुत्रा आणि बिबट्या यांतलं जे जास्त पाठ असेल ते ते भरतं. दहाव्या गटात पोचेपर्यंत कुत्र्याला ठिपके फुटलेले असतात. आता तर कुणी घरबसल्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सोसायटीच्या फाटकात उभा बिबट्या काढून घेतो, तो दाण्याविना स्वच्छ असतो, आणि वनखात्याची गाडी मात्र खरं डिझेल जाळून तिथे जाते. तिकडे अकोले तालुक्यातल्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप लावून शेतांत राहणारे बिबटे मोजले, १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच. २०१३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एक बिबट्या दुसऱ्यापासून वेगळा ओळखला जातो तो अंगावरच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून. फोटो काळापांढरा, दाणेदार, कसाही असो, ठिपके जागेवर असले की काम भागतं. ठिपके 'सुधारले' की त्या जनावराचं ओळखपत्रच बदललं.

दाण्यांच्या बाजूचा सर्वांत जोरदार पुरावाही अशाच ओळख पटवण्याचा आहे. उजेडाच्या चूकभुलीखेरीज फोटोत आणखी एक प्रकारचे दाणे असतात. सेन्सरची प्रत्येक चौकट कारखान्यात तंतोतंत सारखी बनत नाही. एखादी जरा जास्त संवेदनशील, एखादी कमी, आणि हा बारीक फरक त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात जेसिका फ्रिडरिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की या नक्षीवरून फोटो नेमक्या कुठल्या कॅमेऱ्याने काढला ते सांगता येतं. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे असले तरीही. (याच बाई रुबिकचा क्यूब झटपट सोडवण्याच्या पद्धतीसाठीही जगप्रसिद्ध आहेत, काही लोकांना विस्कटलेल्या चौकटी बघवत नाहीत.) पोलिसांना अंगठ्याचा ठसा जसा, तशी ही नक्षी. जितका फोटो गुळगुळीत करावा, गटागटांतून दाबत न्यावा, तितकी ती पुसट होते. बांधाच्या भांडणात, अपघातात, बिबट्याच्या पंचनाम्यात जो फोटो उद्या पुरावा म्हणून पुढे येईल, त्याची खरी-खोटी ओळख पटवणारी गोष्टच आपण 'जरा स्वच्छ करू' म्हणून धुऊन टाकतो.

"म्हणजे रॉ म्हणजे सत्य, असंच ना?" असा टोला कुणी मारील. तसं म्हणण्याची घाई करू नये. या बाबतीत जगातल्या जाणत्यांचंही एकमत नाही. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने शेवटच्या टप्प्याजवळ आलेल्यांकडून मूळ फाइली मागवल्या, ताडून पाहिल्या आणि सुमारे २० टक्के स्पर्धक बाहेर काढले. त्याच वर्षी रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या मुक्त छायाचित्रकारांना कळवलं, की रॉपासून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यात बनलेली जेपीईजीच पाठवा. एकाच्या लेखी रॉ म्हणजे साक्षीदार, दुसऱ्याच्या लेखी हातचलाखीला मोकळं रान. नीट पाहिलं तर दोघांचं भांडण रॉशी नाहीच. रॉवर नंतर बसून काय शिजवलं जातं, याच्याशी आहे. एकजण म्हणतो रस आणून दाखव, दुसरा म्हणतो यंत्रानेच उकळ, तुझा हात लावू नकोस. आणि रॉची मर्यादा तर लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने २०१८ मध्ये जगाला दाखवली. त्यांच्या वन्यजीव स्पर्धेत आदल्या वर्षी ब्राझीलमधल्या एका फोटोला बक्षीस मिळालं होतं: रात्रीचं आकाश, चमकणारं वारूळ आणि त्याकडे निघालेला मुंगीखाऊ. पुढे तज्ज्ञांनी तो मुंगीखाऊ एका राष्ट्रीय उद्यानाच्या स्वागतकक्षातल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी केसागणिक ताडून पाहिला आणि बक्षीस परत घेतलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. त्याने रॉ फाइली दिल्याही होत्या, पण त्या आधीच्या आणि नंतरच्या. मुंगीखाऊ असलेली दुसरी एकही नव्हती. रॉ फाइल उजेडाचा हिशेब देते, समोर उभ्या असलेल्याच्या पोटात आतडी आहेत की पेंढा, याचा नाही. मात्र केसागणिक ताडून पाहता आलं, कारण केस शिल्लक होते, हेही ध्यानात घ्यावं.

जागेचा आक्षेप मी पटकन आटोपतो, कारण तो खरा आहे. चोवीस मेगापिक्सेलची एक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबी, आणि हळद, साखरपुडा, लग्न, वरात, सत्यनारायण धरून हजारो क्लिक. सगळ्या जपून ठेवायच्या तर फोटोग्राफरने स्टुडिओ विकून हार्ड डिस्का घ्याव्यात. पण निवडक दोनशे ठेवायला कोण अडवतं? डीजेला एका रात्रीचे जेवढे पैसे जातात त्यात त्या दोनशे फाइलींची आयुष्यभराची सोय होऊन वर हॅलोजनचे दोन जादा दिवेही येतील. दिवे आले तर दाणेही कमी होतील. ही सूचना कुठल्याही लग्नाच्या बैठकीत मांडून पाहावी, पण बैठक संपत आल्यावर.

राहता राहिला शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप: लोकांना दाणे चालतच नाहीत. हे साफ खोटं आहे. प्रत्येकाच्या खिशात आधार कार्ड आहे आणि त्यावरचा फोटो दाण्यांशिवाय दुसऱ्या कशाचा बनलेला नसतो. तो दाखवून बँकेत खातं निघतं, खताची गोणी मिळते. सरकारी दाणे चालतात, घरचे चालत नाहीत, एवढंच. आणि चालत नाहीत म्हणून काय होतं, ते चौकातल्या फ्लेक्सवर पाहावं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पंचेचाळीस वर्षांच्या भावी सरपंचाच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नसते. मिशी तेवढी शिल्लक असते, कारण ती सॉफ्टवेअरला डाग वाटण्याइतकी लहान नसते. फोटो आलेला असतो व्हॉट्सॲपवरून, बहुधा रुंदीला सोळाशे पिक्सेल, आणि फ्लेक्स असतो दहा फुटी. इंचाला तेरा पिक्सेल. तेरा पिक्सेलांत माणूस बसत नाही, तेव्हा डिझायनर उरलेला माणूस स्वतःच्या मनाने काढतो. वाढदिवसाला हे खपून जातं, कारण उत्सवमूर्ती खाली स्वतः उभी असते. अडचण होते ती 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या वेळी. रात्री अकराला डिझायनरकडे निरोप येतो, सकाळपर्यंत फ्लेक्स हवा. घरात आजोबांचा एकट्याचा फोटो नसतोच. पुतण्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड, ते नखाएवढे सापडतात. त्या लग्नाची मूळ फाइल असती तर सावलीतून चेहरा थोडा वर काढता आला असता, पण ती त्याच वर्षी जागेसाठी पुसलेली असते. मग ते नख कापून पाच फुटांचं केलं जातं, दाणे जाईपर्यंत स्मूथ मारला जातो, शेजारच्याचा खांदा झाकायला म्हणून आयता सूट-टाय चढवला जातो, आणि जन्मभर धोतर-टोपीत वावरलेले आजोबा बँकेच्या शाखाधिकाऱ्यासारखे रस्त्याकडे बघू लागतात. खाली नाव आणि दशक्रियेचं ठिकाण ठळक अक्षरांत असतं, म्हणून सोयरे घाटावर बरोबर पोचतात.